कॉम्प्रेसर प्लगिन: गाडी १२५ टक्क्यांवर अडते

कॉम्प्रेसर म्हणजे आवाजातले चढउतार कमी करणारं प्लगिन, ते रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये (होस्टमध्ये) उघडतं. माझ्या प्लगिनच्या डीएसपी कोडला, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागाला, हात लावावा लागत नाही आता. सगळा वेळ खातोय तो इंटरफेस. १०० आणि २०० टक्के स्केलवर (स्क्रीनवरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते प्रमाण) प्लगिन झकास दिसतं, पण विंडोजच्या लॅपटॉपवर १२५ आणि १५० सर्रास असतात आणि घोळ तिथेच होतो.

आधी नॉबची फिल्मस्ट्रिप, म्हणजे फिरत्या बटणाच्या प्रत्येक स्थितीचं चित्र असलेली पट्टी, काढून टाकली. ६४ बाय ६४ पिक्सेलच्या १२८ फ्रेम एकाखाली एक, म्हणजे ८१९२ पिक्सेल उंचीचं चित्र. मेमरीत उलगडलं की २ एमबी. दुप्पट मापाची पट्टी केली की ८ एमबी आणि उंची १६३८४, म्हणजे बऱ्याच ग्राफिक्स कार्डांवर टेक्स्चरची (कार्डाला द्यायच्या चित्राची) कमाल मर्यादाच. इतकं करूनही १२५ वर ती आक्रसावी लागते आणि नॉबवरची खूण धुरकटते. चकचकीत धातूचा नॉब हवाच असेल तर फिल्मस्ट्रिपला पर्याय कमी, हे मान्य. मला सपाट नॉब आवडतात, म्हणून सुटलो.

आता सगळं वेक्टर, म्हणजे तयार चित्राऐवजी कोडने काढलेले आकार. तरी रेषा फसवतातच. डावीकडून १० वर असलेली १ पिक्सेलची रेषा १२५ टक्क्यांवर १२.५ ते १३.७५ मध्ये पडते. एक पिक्सेल अर्धा भरतो, शेजारचा पाऊण, आणि पांढऱ्या रेषेऐवजी दोन करड्या दिसतात. ग्रिडच्या वीसेक रेषा अशा झाल्या की अख्खा ग्राफ मळकट वाटतो. त्यामुळे रेषेची जागा आणि जाडी आधी स्केलने गुणायची, मग पूर्ण पिक्सेलवर आणायची. जाडी १ च्या खाली जाऊ द्यायची नाही. ग्राफमधल्या वक्र रेषेला मात्र हे लावू नका, ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते.

मीटरचं, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचं, दुखणं वेगळं. २०० टक्क्यांवर पिक्सेल चौपट होतात, आणि रंगवण्याचं काम सीपीयूवर असेल तर तो भार होस्टच्या ऑडिओशेजारीच येऊन बसतो. २०२४ मध्ये आलेल्या ज्यूस ८ (JUCE, प्लगिन बनवायची लायब्ररी) मध्ये विंडोजसाठी डायरेक्ट२डी आहे, म्हणजे रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्डावर जातं, त्याने बराच दिलासा मिळतो. तरीही नॉबचं बूड खऱ्या पिक्सेलच्या मापात एकदाच काढून कॅशमध्ये (तयार साठ्यात) ठेवतो. फिरते ती फक्त खूण. मीटरमध्येही बदललेला पट्टाच रंगवतो. स्केल बदलला की कॅश फेकायचा.

सगळ्यात डोकं खाल्लं ते होस्टने. व्हीएसटी३ (प्लगिनचा एक प्रमाण फॉरमॅट) मध्ये होस्ट प्लगिनला स्केल कळवू शकतो, पण प्रत्येक होस्ट कळवतोच असं नाही. विंडोजवर विंडोचं माप खऱ्या पिक्सेलमध्ये, मॅकवर पॉइंटमध्ये, म्हणजे स्केल न लावलेल्या एककात. ८०० बाय ५०० ची विंडो १५० टक्क्यांवर १२०० बाय ७५० व्हायला हवी. होस्टकडून परत आलेल्या मापाला पुन्हा १.५ ने गुणलं की १८०० बाय ११२५, आणि प्लगिनची खालची बटणं लॅपटॉपच्या स्क्रीनबाहेर. म्हणून गुणाकार कोडमध्ये एकाच ठिकाणी ठेवलाय. प्रोजेक्टमध्ये सेव्ह होतं ते स्केल न लावलेलं माप, म्हणजे दुसऱ्या मॉनिटरवर उघडलं तरी गडबड होत नाही.

होस्टच डीपीआय-अनअवेअर, म्हणजे स्केल न ओळखणारा, असेल तर विंडोज अख्खी विंडो ताणतं, आणि प्लगिनने काहीही केलं तरी अक्षरं पुसटच. तिथे मेन्यूतून झूम निवडता येतो, पण त्याने आकार वाढतो, धार येत नाही. पुढचं काम फॉन्टचं: १७५ टक्क्यांवर ‘-१२.५ डीबी’ मधलं शेवटचं अक्षर चौकटीत कापलं जातंय.