आमची वाटचाल : आगळाची बाटली आणि ऑनलाइन दुकान

कोकमाचा माल तयार होतो दोन महिन्यांत आणि विकायचा असतो वर्षभर. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, मृग लागला की वाळवण संपलं. त्या तेवढ्या दिवसांत कुडाळच्या आमच्या शेडमध्ये आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं आणि सरबत तयार होतं, आणि पुढचे महिने ते संपवण्यात जातात. पूर्वी विक्रीचे हंगामही ठरलेले होते: मे महिना, गणपती, शिमगा. चाकरमानी मुंबईला परतताना पिशव्या भरून नेत. मधल्या काळात डबे भरलेले आणि गल्ला रिकामा. ऑनलाइन विक्रीकडे आम्ही वळलो ते ही मधली पोकळी भरायला. तंत्रज्ञानाची हौस हे त्यामागचं कारण नव्हतं.

पहिली पायरी वेबसाइट नव्हतीच, व्हॉट्सॲप होतं. त्याचं बिझनेस ॲप भारतात २०१८ च्या जानेवारीत आलं, पुढच्या वर्षी त्यात कॅटलॉगची सोय झाली. बहुतेक छोटे उद्योग अजून इथेच आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही. दिवसाला पाच-सात ऑर्डरपर्यंत हे उत्तम चालतं. त्यापुढे गोंधळ सुरू होतो: पत्ता एका मेसेजमध्ये, पिन कोड दुसऱ्यात, पैसे भरल्याचा फोटो तिसऱ्यात, आणि कोणाच्या दोन बाटल्या न् कोणाच्या तीन हे वहीत. वेबसाइटचा खरा उपयोग तिथे आहे. पत्ता, फोन, पिन कोड, माल आणि पैसे एकाच पानावर, ग्राहकाच्याच हाताने भरलेले मिळतात.

डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, घेताना एक गोष्ट पक्की करावी. ते स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर घ्यावं. तालुक्यातल्या कितीतरी दुकानांचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर असतं. तो शहरात निघून गेला की नूतनीकरण राहतं आणि एका सकाळी दुकानाच्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसते. वर्षाला हजार-पंधराशेची बाब आहे, पण लेबलावर, बिलावर, खोक्यावर तोच पत्ता छापलेला असतो. दुकान तयार प्लॅटफॉर्मवर भाड्याने घ्यायचं की वर्डप्रेसवर वूकॉमर्स हे दुकानाचं सॉफ्टवेअर स्वतः लावायचं, यावर लोक फार डोकं शिणवतात. दुरुस्ती करणारा माणूस हाताशी नसेल तर भाड्याचं बरं. आमची एकूण उत्पादनं अकरा; त्यासाठी महाल बांधायची गरज नसते.

पेमेंट गेटवेची, म्हणजे साइटवर पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची, मंजुरी अडते ती बहुधा किरकोळ कारणांनी. बँक खात्यावरचं नाव आणि फर्मचं नाव जुळत नाही, किंवा साइटवर संपर्क, परतावा, डिलिव्हरी, गोपनीयता आणि अटी ही पानं नसतात. ती पानं दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नयेत. कपड्यांच्या दुकानाचं 'पंधरा दिवसांत बदलून मिळेल' हे वाक्य आगळाच्या बाटलीखाली आलं तर ते निभवावं लागतं. तक्रार निवारणासाठी कोणाशी बोलायचं, त्याचं नाव आणि संपर्कही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार द्यायचा असतो.

कागदपत्रांत खाद्य परवाना पहिला. आम्ही सुरुवात केली तेव्हा वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी पुरत होती, शुल्क वर्षाला १०० रुपये. चौदा आकडी क्रमांक प्रत्येक लेबलावर लागतो. जीएसटीचा नियम मात्र अनेकांना उशिरा कळतो. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. मग विक्री स्वतःच्या साइटवरून का असेना. १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या बाजार-ॲपवर छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय माल ठेवायची सवलत मिळाली, पण ती राज्यातल्या राज्यात. कुडाळहून नाशिकला चालेल, बेळगावला नाही.

लेबलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण छापून झाल्यावर चूक सापडली की पाच हजार लेबलं वाया जातात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, पोषणमूल्य तक्ता, हिरवं चिन्ह, बॅच क्रमांक, तयार केल्याचा महिना, कधीपर्यंत वापरावं, निव्वळ माप, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक सेवेचा फोन, आणि प्रति मिलिलिटर किंवा प्रति ग्रॅम दरसुद्धा. यातला तयार केल्याचा महिना सोडला तर वजनमापाच्या नियमांतला बाकी तपशील वेबसाइटच्या पानावरही हवा. भौगोलिक मानांकनाचं चिन्ह मात्र कोकम सिंधुदुर्गातलं आहे एवढ्यावर लावता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते.

आता बाटली. दुकानात आगळ काचेच्या बाटलीत शोभून दिसतं, पार्सलात ते जुगार ठरतं. ऑनलाइनसाठी आम्ही ५०० मिलिलिटरची पेट (प्लॅस्टिकची) बाटली वापरतो. पेटचे स्वतःचे नखरे आहेत. सरबत कढत असताना ओतलं की साधी पेट बाटली आकसते आणि लेबल सुरकुततं, म्हणून निवू द्यायचं. काठोकाठ भरायचं नाही. वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायची, नाहीतर मे महिन्यात ट्रकमध्ये बाटली तापली की दाब थेट झाकणावर येतो. झाकणाखाली इंडक्शन सील, म्हणजे मशीनने बाटलीच्या तोंडाला चिकटवलेली ॲल्युमिनियमची चकती. ते न चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा मशीन नसतं, बाटलीचं ओलं तोंड असतं. भरताना कडेवर आगळाचा एक थेंब राहिला की तिथे सील धरत नाही. कोरड्या फडक्याने तोंड पुसायचं, मग झाकण, मग सील. सीलच्या ॲल्युमिनियमला आतून प्लॅस्टिकचा थर आहे ना, हे घाऊक विक्रेत्याला विचारून घ्यावं. मीठ आणि आंबट रस उघडा धातू महिनाभरात खातात.

सील झालेल्या बाटल्या चोवीस तास जुन्या वर्तमानपत्रावर उलट्या ठेवायच्या. कोकमाचा रंग इथे मदतीला येतो: जिथे लाल डाग, ती बाटली बाजूला. याहून स्वस्त तपासणी नाही.

खोकं पाच पदरी. तीन पदरी खोकं कोरड्या हवेत टिकतं. आमच्याकडे जुलैत गोदामातच ते मऊ पडतं आणि थप्पीच्या तळाला बसतं. प्रत्येक बाटली वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, कारण एक फुटली तर बाकीच्या वाचाव्यात आणि कुरियरच्या गोणीतली दुसऱ्यांची पार्सलं रंगू नयेत. चुरगळलेलं वर्तमानपत्र भरण म्हणून फसवं असतं. भरताना गच्च वाटतं, दोनशे किलोमीटर हादरे बसले की दबतं आणि बाटल्या खुळखुळायला लागतात. जाळीचा कागद किंवा खोक्याच्याच पुठ्ठ्याच्या चौकटी बऱ्या. नवीन खोकं आलं की भरून, मीटरभर उंचीवरून कोपऱ्यावर टाकून बघायचं. कुरियरवाला याहून हळुवार वागेल असं धरून चालू नये.

कुरियरचं भाडं वजनावर ठरतं हे अर्धं खरं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. हा आकडा आणि काट्यावरचं वजन, यांत जास्त असेल ते धरतात. ३० × २५ × २० चं खोकं म्हणजे ३ किलो. आत अर्धा किलो पापड असले तरी भाडं ३ किलोचंच. आगळाचं उलट. तीन बाटल्यांचं खोकं २५ × ११ × २६ म्हणजे सुमारे १.४ किलो, काट्यावर मात्र २ किलोच्या आसपास. म्हणून हलक्या मालाला खोकं घट्ट आणि जड मालाला संच, हा आमचा हिशोब. एक बाटली आम्ही ऑनलाइन विकतच नाही.

समजा तीन बाटल्यांचा संच ५४० रुपयांना, भाड्यासह. ५ टक्के जीएसटी धरला तर २५.७१ रुपये सरकारचे. गेटवे २ टक्के आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे १२.७४. माल, बाटली, लेबल मिळून २१०, पॅकिंग ३८, कुरियर १३०. उरतात १२३ रुपये. त्यातून वीज आणि पगार. आता तोच संच डिलिव्हरीच्या वेळी पैसे या बोलीवर गेला आणि घेणाऱ्याने दारातून परत पाठवला. येण्याचंही भाडं तेवढंच धरलं तर २६० अधिक पॅकिंग ३८. दोन-अडीच संचांची कमाई गेली. त्यामुळे ही सोय ठेवायची असेल तर पार्सल बांधण्याआधी फोन करायचा. फोन उचलला नाही तर माल हलत नाही. थोडी ऑर्डर बुडते, बुडू द्यावी.

मोठ्या ॲपवर विकताना कमिशन, ठरावीक शुल्क आणि भाडं कापून पैसे येतात. शिवाय ०.५ टक्के जीएसटीपोटी आणि ०.१ टक्का आयकरापोटी कापतात. शेवटचे दोन खर्च नव्हेत, विवरणपत्र भरताना वळते होतात. पण भरायला विसरलं की अडकून बसतात. आमचं मत असं की ॲपवर ओळखीपुरते दोन-तीन पदार्थ ठेवावेत आणि खोक्यात स्वतःच्या साइटचा पत्ता छापलेली पाककृतीची चिठ्ठी टाकता येते का, ते त्यांच्या अटींत आधी वाचावं. काही ठिकाणी त्याला मनाई असते.

परत येणाऱ्या तक्रारींत फुटलेल्या बाटल्या दुसऱ्या क्रमांकावर. पहिला क्रमांक चवीचा. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, त्यात साखर नसते. कोकणाबाहेरचा ग्राहक ते सरबत समजून थंड पाण्यात घालतो, खारट लागतं, आणि खाली एक तारा देऊन मोकळा होतो. चूक त्याची नाही, पानाची आहे. नावातच 'सोलकढीसाठी, खारट, बिनसाखरेचं' असं लिहिल्यापासून त्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. पहिल्या फोटोत बाटलीशेजारी सोलकढीचा पेला, दुसऱ्यात लेबलाची मागची बाजू वाचता येईल अशी, तिसऱ्यात हातात धरलेली बाटली, म्हणजे आकार कळतो. फोटो २०० केबीच्या आत. मोबाइलवर रेंजची एक काडी असताना पान उघडलं नाही तर बाकीची सजावट कोणी पाहतच नाही.

शोधणाऱ्याचे शब्द हा वेगळाच विषय. पुण्याचा माणूस आमसूल शोधतो, मालवणी सोलां म्हणतो, गोव्यात भिरंड, आणि रोमन लिपीत 'कोकम'ची तीन-चार स्पेलिंगं चालतात. ही सगळी नावं वर्णनात सहज वाक्यांत यायला हवीत. शब्दांची नुसती माळ लावलेली पानं गूगलही ओळखतं.

आमसुलाला पावसाळ्यात जपावं लागतं. मीठ हवेतलं पाणी ओढतं, पातळ पिशवीत सोलं सर्द होतात आणि तळाला गुलाबी पाणी सुटतं. जाड, अनेक पदरी पाऊच आणि त्याच दिवशी सील, हा उपाय. जूनच्या आधीच वर्षभराचं पॅकिंग उरकणं मात्र चुकीचं, कारण वापरायची शेवटची तारीख जवळ येत जाते. पोचवताना मालाचं किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस आयुष्य शिल्लक असावं, असं खाद्य प्राधिकरणाने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं आहे. म्हणून माल मोठ्या पिंपांत राहतो, महिन्याच्या मागणीएवढाच बाटल्यांत उतरतो, आणि जुनी बॅच आधी निघते.

फेब्रुवारीपर्यंत सरबत संपतं. तेव्हा आम्ही त्याचं पान काढून टाकत नाही. काढलं की वर्षभरात शोधात मिळवलेली जागा जाते आणि मेमध्ये पुन्हा शून्यापासून सुरुवात. 'नवं सरबत मे अखेर' अशी पाटी आणि खाली फोन नंबर टाकायची एक चौकट, एवढंच ठेवतो. त्या चौकटीत किती नंबर जमले ते बघून एप्रिलमध्ये साखरेची पोती आणि बाटल्यांची ऑर्डर ठरते.