आत्म्याचे इंजिनिअर

‘देवधर्म मोडीत काढलेल्या लोकांच्या पुस्तकांत तुम्ही आत्मा कसला शोधता?’ सोव्हिएत साहित्याचा विषय काढला की हा प्रश्न ठरलेला. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

सरकारनं देव हटवला, आत्म्यावरचा दावा मात्र सोडला नाही. ऑक्टोबर १९३२ मध्ये लेखक मॅक्झिम गॉर्कीच्या घरी जमलेल्या लेखकांना स्टॅलिननं ‘मानवी आत्म्याचे इंजिनिअर’ म्हटलं. गंमत अशी, की आत्म्याबद्दल मला सगळ्यात अस्वस्थ करणारे दोन लेखक खरोखरीचे इंजिनिअर होते, आणि दोघांवरही सरकारची खप्पा मर्जी.

त्यातला पहिला, येवगेनी झाम्यातिन, जहाजं बांधणारा. १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या त्याच्या ‘आम्ही’ कादंबरीत घड्याळाबरहुकूम जगणारा नायक डी-५०३ (तिथे माणसांना नावांऐवजी क्रमांक असतात) आजारी पडतो. डॉक्टरांचं निदान: तुमच्यात आत्मा तयार झालाय. यावर इलाज नाही म्हणे! पुढे राज्य इलाज काढतंच, माणसाची कल्पनाशक्तीच काढून टाकणारी शस्त्रक्रिया. ही कादंबरी खुद्द रशियात छापायला १९८८ उजाडलं.

माझा जीव मात्र अडकलाय तो दुसऱ्यात, आंद्रेई प्लातोनोवमध्ये. रशियातल्या वोरोनेझच्या दुष्काळी भागात तळी-विहिरी खोदत फिरलेला हा माणूस. त्याच्या ‘पायाचा खड्डा’ या कादंबरीतल्या वोश्चेवला तिसाव्या वाढदिवशी कारखान्यातून काढतात, कारण काय, तर कामाच्या धडाक्यात हा विचार करत उभा राहतो. तो वाटेतलं सुकं पान उचलून पिशवीत टाकतो. ते कशासाठी जगलं, हे त्याला शोधायचंय. पुढे त्यानं गोळा केलेल्या वस्तूंची गावचा सरकारी कार्यकर्ता रीतसर यादी करतो: गेल्या शतकातली सालीची वहाण, गुराख्याच्या कानातलं कथलाचं डूल, जाड्याभरड्या विजारीचा एक पाय. माणसं गेली, त्यांच्या खुणा तेवढ्या रकान्यात चढल्या. आत्म्यावर यापेक्षा थेट लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही, आणि इथे ‘आत्मा’ हा शब्दही लागत नाही.

१९३४ मध्ये प्लातोनोव तुर्कमेनिस्तानात गेला आणि त्यातून ‘जान’ (म्हणजे आत्मा) हे पुस्तक आलं. आत्म्याशिवाय ज्यांच्याकडे काहीच उरलेलं नाही, अशा वाळवंटातल्या भुकेकंगाल लोकांना समाजवादात आणायला नझर चगातायेव मॉस्कोहून येतो. त्यांना जगवतो, खाऊ घालतो. पोटात अन्न गेलं, अंगात बळ आलं, आणि एके दिवशी ते सगळे आपापलं सुख शोधायला दाही दिशांना निघून जातात. न विचारता! प्लातोनोवनं पुढे आणखी प्रकरणं जोडली, त्यांत लोक परत येतात. मला विचाराल, तर पुस्तक त्याआधीच संपलेलं आहे.