पाच वॅट आणि शिवारातली तार

हॅम रेडिओ म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवरून संपर्क साधणं. त्यात ७.०३० मेगाहर्ट्झवर मोर्ससाठी (टिंब-रेघांच्या संकेतांसाठी) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली दोन सारख्या बाजूंची तारेची अँटेना, करताना प्रत्येक बाजूला १०.५ मीटर तार कापा. हिशेबाने १०.१७ येते, पण आखूड कापलेली तार वाढत नाही. एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याच्या मापाचा) तळ ६.८२ मेगाहर्ट्झला दिसला तर दोन्हीकडून प्रत्येकी ३० सेंटिमीटर काढा, तेही पाच-पाच सेंटिमीटर करत. मधोमध फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) रिंगवर कोॲक्सचे, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या केबलचे, १२ वेढे हवेतच. नाहीतर केबलच अँटेना होते आणि आसपासचा खरखराट आत ओढते. मराठवाड्यात तो दिवसा सौर पंपाच्या इन्व्हर्टरचा, रात्री एलईडी दिव्यांचा. लाइट गेल्यावर बँड (हा लहरींचा पट्टा) ऐकाच, किती स्वच्छ! तालुक्याच्या शाळेतल्या पोरांनी ही तार स्वतः कापली तरच हा छंद टिकेल. परवाना येईपर्यंत त्यांनी नुसतं ऐकावं. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी पाच वॅटच्या रेडिओला शिवारात पुरते. मृगाआधी ढग गडगडले की मात्र केबल रेडिओपासून लगेच सोडवा.