तो प्रॉब्लेम काढलाय म्हणे

"साहेब, नवीन मॉडेलमध्ये तो चार्जिंगचा प्रॉब्लेम काढलाय," सेल्समन सहज बोलून गेला. मी शोरूममधल्या नव्या बाईकच्या टाकीवर ठेवलेला हात काढून घेतला.

म्हणजे प्रॉब्लेम होता तर!

याच मॉडेलच्या माझ्या जुन्या गाडीवरून दोन वर्षं सर्व्हिस सेंटरवाले मलाच ऐकवत होते, "गाडी जास्त उभी ठेवता, म्हणून बॅटरी उतरते." बॅटरी दोनदा बदलली. शेवटी खंबाटकी घाटात, भर पावसात गाडी बंद पडली. टेम्पोत घालून आणली, तेव्हा गल्लीतल्या मेकॅनिकने मीटर लावला. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास व्होल्ट हवेत, इथे १२ सुद्धा नाहीत. स्टेटर कॉइल, म्हणजे बॅटरी चार्ज करायला वीज बनवणारी कॉइल, जळालेली. बॅटरी बिचारी काय करणार?

नवी गाडी आवडलीय, खोटं कशाला बोलू. पण राग कॉइलचा नाहीच, मला वेड्यात काढल्याचा आहे.

तुम्ही घेतली असती परत?