एकाच झाडाच्या इतक्या शीट्स कशाला?

हर्बेरियम म्हटलं की बहुतेकांना कॉलेजचं सबमिशन आठवतं, सेलोटेपने चिकटवलेली सदाफुली नाहीतर धोतरा, खाली कसंबसं लिहिलेलं कुळाचं नाव आणि परीक्षा झाली की रद्दीत. त्यामुळे पुण्यात कोरेगाव रोडला बोटॅनिकल सर्व्हेचं ऑफिस आहे, मुंबईत झेवियर्समध्ये १९०६ पासूनचं ब्लॅटर हर्बेरियम आहे आणि तिथे कपाटंच्या कपाटं वाळवलेल्या झाडांनी भरलीयत असं सांगितलं की समोरच्याचा प्रश्न ठरलेला, अगं पण एकेका झाडाच्या इतक्या शीट्स कशाला, एक पुरे की. मला विचाराल तर सगळी गंमत त्या "इतक्या" मध्येच आहे.

पण आधी एक शीट बनते कशी ते सांगते, कारण बघताना वाटतं त्यापेक्षा हे काम बरंच किचकट आहे. सह्याद्रीत फुलं बघायची तर जून ते ऑक्टोबर, आणि नेमकं तेव्हाच हवेत एवढी ओल असते की झाड सोडा, कागदसुद्धा वाळत नाही. झाड वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायचं, एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचं म्हणजे खालची बाजू दिसते, प्रेसचे पट्टे आवळायचे आणि रोज कागद बदलायचे. आळस केला की बुरशी आलीच. मांसल झाडं तर त्याहून चिवट, ती प्रेसमध्ये मरतच नाहीत, दाबून ठेवलेली असताना अंधारात कोंब काढतात! म्हणून त्यांना आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढतात. वाळलं की मग विष. आपल्याकडे वर्षानुवर्षं मर्क्युरिक क्लोराइड अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात झाड बुडवायची पद्धत आहे, म्हणजे कीड लागत नाही (आणि म्हणूनच जुन्या शीट्स हाताळून हात न धुता वडापाव खायचा नाही). शेवटी साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर डिंकाने चिकटवायचं, जाड फांदी किंवा फळ असेल तर सुईदोऱ्याने चक्क टाके घालायचे, गळून पडलेल्या बिया-पाकळ्या एका छोट्या पुडीत घालून ती पुडी कोपऱ्यात लावायची. कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास.

आणि लेबल. लेबल नसेल तर ती शीट म्हणजे नुसता वाळका पाला. झाड कुठे मिळालं, कधी, किती उंचीवर, कातळावर की ओढ्याकाठी, कोणी गोळा केलं, आणि मुख्य म्हणजे फुलाचा रंग कोणता होता, कारण वाळल्यावर जांभळं काय नि गुलाबी काय, सगळं शेवटी तपकिरीच. या बाबतीत जुन्या साहेबांवर माझा जरा राग आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणातल्या कितीतरी शीट्स लंडनच्या क्यू बोटॅनिकल गार्डनला आहेत आणि त्यांच्यावर छापील लेबल काय, तर "मलबार, कोंकण इत्यादी" आणि पुढे स्टॉक्स, लॉ वगैरे गोळा करणाऱ्यांची नावं. अरे, मलबार कुठे, कोकण कुठे! अख्खा पश्चिम किनारा एका ओळीत. आता एखादं झाड पुन्हा शोधायचं तर नेमक्या कुठल्या सड्यावर जायचं? आणि ज्या गावकऱ्याने साहेबाला ते झाड दाखवलं असेल त्याचं नाव तर अशा लेबलवर सापडतच नाही.

नावांची गोष्ट पण भारी असते. आपली शिंदळ माकुडी घ्या, कड्यावर वाढते, मांसल खोड, तारामाशासारखं लालसर तपकिरी फूल आणि त्यावर पिवळे ठिपके. जुन्नरकडच्या डोंगरातून मिळालेल्या या झाडाचं वर्णन डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून फ्रेरिया इंडिका असं नाव ठेवलं. पुढे काही तज्ज्ञांनी तिला बाउसेरोशिया नावाच्या दुसऱ्या गटात (जीनसमध्ये) टाकलं. अशा वेळी शीटवरचं जुनं नाव कोणी खोडत नाही, नवा माणूस आपलं मत, सही आणि तारीख असलेली चिठ्ठी शेजारी चिकटवतो आणि पुढचा त्याच्या शेजारी, सातबाऱ्यावर फेरफार चढावेत तशी. शंभर वर्षांत त्या झाडाबद्दल कोण काय म्हणालं आणि कोण कोणाशी भांडलं ते सगळं एका कागदावर.

आता "इतक्या" कडे येते. एक शीट सांगते की हे झाड असं दिसतं, बस. पण एकाच झाडाच्या वेगवेगळ्या वर्षांच्या पाच-पन्नास शीट्स ओळीने लावल्या की त्या भलतंच काहीतरी सांगायला लागतात, जे गोळा करणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. १९८७ मध्ये वुडवर्ड नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने गेल्या २०० वर्षांतल्या हर्बेरियमच्या पानांवरची पर्णरंध्रं मोजली, म्हणजे पान ज्यातून हवा आत घेतं ती भोकं, आणि त्यांची घनता साधारण ४० टक्क्यांनी कमी झालेली निघाली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, पानाला कमी भोकांत भागायला लागलं. ज्याने १७९० च्या आसपास ते पान तोडलं त्याला कार्बनशी काय देणंघेणं होतं? बॉस्टनला असंच अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षउद्यानातल्या झाडांच्या जुन्या शीट्सवरच्या तारखा काढून बघितल्या तर १९०० ते १९२० च्या मानाने १९८० नंतर तीच झाडं सरासरी ८ दिवस आधी फुलायला लागलेली दिसली.

बटाट्याची गोष्ट तर मी कोणालाही ऐकवते. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, लाखो देश सोडून गेली. त्या काळातली करपलेली पानं कोणीतरी जपून ठेवली होती, क्यूमध्ये आणि म्युनिकमध्ये. २०१३ मध्ये त्यातून रोगाचा डीएनए काढला आणि कळलं की इतकी वर्षं ज्या वाणाला दोष देत होते तो हा नव्हेच, त्याचा जवळचा पण वेगळा भाऊबंद होता. त्याला नावच दिलं हर्ब-१. रोगट, किडकं, "हे कशाला घेतलंस" असं कोणीही म्हणेल असं पान.

आणि नवीन जाती शोधायला जंगलातच जावं लागतं असंही नाही. व्हिक्टोरिया बोलिव्हियाना, ते तीन मीटर रुंद पानाचं अवाढव्य कमळ, त्याचा नमुना क्यूच्या कपाटात १७७ वर्षं दुसऱ्याच नावाने पडून होता, वेगळी जात आहे हे जाहीर झालं २०२२ मध्ये!

हे सगळं जातं मात्र पटकन. १९४३ च्या मार्चमध्ये बॉम्ब पडले आणि बर्लिनच्या हर्बेरियमचा बहुतेक भाग एका रात्रीत जळाला. युद्धाचं एकवेळ समजू शकते, पण २०१७ मध्ये पॅरिसहून ऑस्ट्रेलियाला अभ्यासासाठी पाठवलेले १०५ नमुने, त्यातले काही एकोणिसाव्या शतकातले, तिथल्या क्वारंटाइनवाल्यांनी सरळ जाळून टाकले, का तर कागदपत्रांत घोळ होता. पार्सलवर किंमत लिहिली होती २ डॉलर. खरी किंमत लिहायची तरी काय म्हणा! उलट लंडनमध्ये १९४० च्या बॉम्बहल्ल्यात म्युझियमला आग लागली, विझवताना पाणी पडलं आणि चीनमधून १७९३ मध्ये आणलेल्या एका शिरीषवर्गीय झाडाच्या बिया रुजल्या. जवळजवळ दीडशे वर्षांनी!

हल्ली लोक म्हणतात फोटो आहेत ना मोबाइलमध्ये, लोकेशनसकट. आहेत, आणि मी पण रोज टाकते, दुर्मिळ झाड असेल तर फोटोच बरा, उपटायचं तर नावच काढू नका. पण फोटोतून डीएनए निघत नाही, फोटोतल्या पानावर पर्णरंध्रं मोजता येत नाहीत. साध्या, ढिगाने असलेल्या झाडांच्या शीट्स झाल्याच पाहिजेत आणि नेमक्या त्याच कोणी करत नाही, सगळ्यांना कंदीलपुष्प नाहीतर ऑर्किड हवं असतं.

कारवीचंच बघा. सात वर्षांनी फुलते का आठ, यावर दर बहराला व्हॉट्सअ‍ॅपवर भांडणं होतात, खंडाळ्याची एका वर्षी, बोरिवलीची दुसऱ्या, कोणाचा मेळ कोणाला नाही. आपल्या हर्बेरियममधल्या कारवीच्या फुलं असलेल्या सगळ्या शीट्स काढून ठिकाण आणि वर्षाचा एक साधा तक्ता केला तर बऱ्यापैकी उलगडा होईल. आता एखाद्या वर्षाची शीट नाही म्हणजे त्या वर्षी फुललीच नाही असं नसतं, कदाचित त्या वर्षी घाट चढून कोणी गेलंच नसेल, तेवढं धरून चालायचं. कोणी एमएस्सीचं पोरगं-पोरगी प्रोजेक्टला विषय शोधत असेल तर घ्या हा, गाइडला मी पटवते.