पिन मारलीस का?

गेल्या नोव्हेंबरात आईला फोनवर सांगितलं, "आज पहिल्यांदा स्टोव्ह पेटवला." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अगं, तिकडे गॅस नाही? रॉकेल मिळतं का? आधी पिन मारलीस का?" आमच्या घरात स्टोव्ह म्हणजे पितळी टाकी, पंप आणि तो भर्रर्र आवाज.

गंमत म्हणजे रॉकेलचा प्रश्न अगदीच चुकला नव्हता. आम्ही राहतो ते आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे काउंटीतल्या एका खेड्यात. इकडच्या खेड्यांत गॅसची पाइपलाइन नाही. घर तापवायला अंगणातल्या मोठ्या टाकीत जे तेल भरतात ते केरोसीनच. ते महाग पडतं, म्हणून बैठकीच्या खोलीत स्टोव्ह. बिडाची पेटी, पुढे काचेचं दार, मागून वर छपरापर्यंत गेलेलं धुराडं.

"चूल म्हण की मग," आई म्हणाली. मीही तेच समजत होते आणि तिथेच फसले. चुलीपुढे बसलं की हात आपोआप चालतात: लाकूड जरा पुढे सार, मागे ओढ, फुंकणी घाल. इथे दर पाच मिनिटांनी दार उघडून मी हेच करत होते. दार उघडलं की खोलीतली गार हवा धुराड्यात शिरायची, ओढ मंदावायची आणि धूर बाहेर माझ्याकडे यायचा. आठवड्यात काच तव्याच्या बुडासारखी काळी.

शेजारचे आजोबा (इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मला ऐंशीच्या माणसाला ते अजून जमत नाही) एकदा येऊन बघून गेले. त्यांनी दाखवल्यावर लक्षात आलं, ही चूल नाहीच, हा आपला पाण्याचा बंब आहे! खाली जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा, धूर वर नेणारी नळी. बंब कोण फुंकतो? एकदा नळी तापली की तो स्वतःच हवा ओढून घेतो. आपण फक्त किती ओढू द्यायची ते ठरवायचं.

त्यासाठी दोन खिट्ट्या. खालची जाळीखालून हवा देते. ती पेटवताना उघडायची आणि कोळसा जाळत असाल तर लागते. लाकडाला मात्र वरची हवा हवी. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतो आणि ज्वाळा त्या वायूची असते. वरून काचेलगत उतरणारी हवा तो वायू पुरता जाळते, शिवाय काच स्वच्छ ठेवते. म्हणून लाकडासाठी जाळीवर बोटभर राखेची गादी राहू द्यायची. मी रोज सकाळी घासूनपुसून लख्ख करत होते.

पेटवायची पद्धतही उलटी. मोठी लाकडं तळाला, त्यावर बारीक, सगळ्यात वर काटक्या आणि काडी वरून लावायची. आग मेणबत्तीसारखी खाली उतरते. धूर कमी होतो, कारण खालून सुटलेला वायू ज्वाळेतूनच वर जातो. पंधरा-वीस मिनिटांनी खालची हवा बंद. पिवळ्या, सावकाश हलणाऱ्या ज्वाळा म्हणजे ठीक. बाहेर जाऊन धुराड्याकडे बघायचं. धूर जवळजवळ दिसत नसेल तर जमलं.

पण हे सगळं सरपण सुकं असेल तरच. मी पहिल्यांदा स्वस्तात घेतलेली गोणी ओली निघाली. कडेनं पाणी फेसाळत होतं, तेव्हा कळलं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते उडवण्यातच आग दमते आणि अर्धवट जळालेला धूर धुराड्यात डांबरासारखा चिकटतो. पुढे कधीतरी तेच डांबर पेट घेतं. इथे ३१ ऑक्टोबर २०२२ ला नियम आला: २ घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर ओलाव्याला मर्यादा. तेव्हा ती २५ टक्क्यांची होती. खूप धूर करणारा कोळसा विकायला त्याच दिवसापासून देशभर बंदी आली. डब्लिनमध्ये ती १९९० पासूनच होती. आता माझ्याकडे ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र आहे. ओंडका फोडून आतल्या अंगाला सुया टोचायच्या. बाहेरून बघितलं तर सगळीच लाकडं सुकी वाटतात.

आता मुख्य गोष्ट, जी आईला मी बरेच दिवस सांगितली नव्हती.

जानेवारीतली संध्याकाळ, बाहेर गारांचा मारा, खिडक्या गच्च बंद. भिंतीत हवेसाठी कायमची जाळी असते. तिच्यात आमच्याआधीच्या कुणीतरी थंडी येते म्हणून कापड कोंबलं होतं, ते आम्ही तसंच ठेवलेलं. स्वयंपाकघर आणि बैठक एकच. मी आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली, ठसका उठला, म्हणून ओट्यावरची चिमणी फुल्ल सोडली. थोड्या वेळाने छताजवळची पांढरी डबी किंचाळायला लागली. मला वाटलं, फोडणीच लागली तिला. पण फोडणीने ओरडतो तो धुराचा अलार्म. ही डबी कार्बन मोनॉक्साइडची होती. मुलाला उचललं, दारं सताड उघडली आणि गारांत जाऊन उभे राहिलो. डोकं आधीपासूनच दुखत होतं, मी ते सर्दीवर ढकललं होतं.

या वायूला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं. ताप नसलेला फ्लूच. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो, तोच हा.

दुसऱ्या दिवशी धुराडं साफ करणारा आला. ब्रश घालताच काटक्यांचा ढीग खाली कोसळला. जॅकडॉचं घरटं. हा कावळ्याचाच भाऊबंद, आणि त्याला धुराडी फार आवडतात. चिमणीत कावळा राहायला आला होता! अर्धं धुराडं घरट्याने अडलेलं, भिंतीची जाळी कापडाने, वर माझी ओट्यावरची चिमणी खोलीतली हवा बाहेर फेकत होती. तिला भरपाईची हवा हवी होती, ती तिने स्टोव्हच्या धुराड्यातून उलटी ओढली, धुरासकट.

आता भिंतीची जाळी उघडी असते आणि थंडी येते ती येऊ देतो. स्टोव्ह पेटलेला असताना फोडणी द्यायची तर आधी खिडकी उघडायची. शंका आली की स्टोव्हच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरते. धूर आत ओढला गेला पाहिजे. रात्रभर धुमसत ठेवायचा मोहही सोडला. हवा कोंडली की डांबर आणि हा वायू दोन्ही वाढतात. धुराडं हिवाळ्याआधी साफ होतं, आणि अलार्मच्या पाठीवर मुदतीची तारीख असते ती वाचते.

आजोबांनी मध्यंतरी त्यांच्या दलदलीतलं टर्फ दिलं. वसंतात कापून उन्हाळाभर वाळवलेल्या, जळणाच्या मातकट विटा. ओल्या असतात तेव्हा त्यांत जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. वास गोड, राख मात्र ढीगभर. दुकानातून ते विकता येत नाही, पण ज्यांचा पिढीजात हक्क आहे ते स्वतःसाठी कापतात. हवेसाठी ते चांगलं नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. मी ते सणासुदीला एखादंच टाकते.

परवा आई व्हिडिओवर होती. मी राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बाहेर फरशीवर ठेवली. "दोन दिवस हात नको लावूस," ती म्हणाली, "निखारा राखेखाली रात्रभर जगतो. आम्ही सकाळी त्याच्यावरच चूल पेटवायचो." मग विचारलं, "भांड्यांना ठेवतेस ना राख?"

म्हटलं, भांडी नॉन-स्टिक आहेत.

"मग काचेला लाव. ओल्या कागदावर घेऊन, स्टोव्ह गार असताना."

लावली. निघाली काजळी.