मेसा आर्चजवळची काळी माती

नागपूर, १४ मे

आज दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकला. बाहेर पडण्याची सोय नव्हती, म्हणून कूलरसमोर बसून गेल्या ऑक्टोबरमधील फोटो पुन्हा पाहिले. सॉल्ट लेक सिटीला मुलीकडे गेले होते, तेव्हा तिने मला युटा राज्यातील कॅन्यनलँड्स या राष्ट्रीय उद्यानात नेले होते.

कोलोरॅडो आणि ग्रीन या नद्यांनी तेथील पठार लक्षावधी वर्षे कापत आणले आहे. ग्रँड व्ह्यू पॉइंटच्या कड्यावरून सुमारे १,२०० फूट खाली व्हाइट रिम हा फिकट दगडाचा थर पायरीसारखा पसरलेला दिसतो, आणि तो थरही चिरून नद्या आणखी हजारभर फूट खाली उतरल्या आहेत. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मेसा आर्चपाशी पोहोचलो. सूर्य वर आला आणि खालच्या कड्यावरून परतलेल्या उजेडाने त्या कमानीची आतली बाजू नारिंगी उजळून निघाली. शेजारच्या खडकावर टेकलेला तळहात उचलला, तर त्याला वाळूचे बारीक कण चिकटले होते. लहानपणी कामठीच्या वालुकाश्मावरून हात फिरवल्यावर असेच कण लागत, ते मला तेव्हा आठवले.

परंतु माझ्या मनातून जात नाही ती वाटेवरची माती. फोटोसाठी मी पायवाट सोडून एक पाऊल आत टाकले, तोच मुलगी म्हणाली, "आई, थांब, तिथे पाय नको." तोवर पापड मोडावा तसा आवाज झाला होता. वाकून पाहिले, तर बोटाच्या पेराएवढ्या काळपट, खडबडीत उंचवट्यांचा थर माझ्या बुटाखाली चुरला होता. ती माती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया या सूक्ष्म जीवांचे तंतू वाळूचे कण एकमेकांना बांधून ठेवतात, शेवाळ आणि दगडफूल त्यांच्या सोबतीने वाढतात. हा थर ओल धरतो, हवेतील नायट्रोजन मातीत आणतो आणि वाऱ्यापासून वाळू राखतो. नागपूरला एका पावसाळ्यात जेवढे पाणी पडते, त्याच्या चौथ्या हिश्शाएवढेच पाणी तेथे वर्षभरात मिळते, त्यामुळे मोडलेला थर पुन्हा धरायला अनेक दशके लागतात.

मी आज बासष्ट वर्षांची आहे. त्या ठशाचा फोटो मी काढला नाही, पण जागा नेमकी आठवते: पायवाटेच्या डाव्या हाताला, वाकड्या खोडाच्या जुनिपरपासून दोन हातांवर.